पळत्या अक्षरांचा उन्हाळा

काल भाजी आणायला निघाले तर समोरून एक ई-रिक्षा गेली आणि तिच्या पाठीवर माझी अक्षरं होती. गुटगुटीत, कोपरे गोल केलेली, उजवीकडे झुकलेली, पिवळ्यावर हिरवी: डुबुक. रिक्षा खड्ड्यातून गेली तशी ती अक्षरंही उसळली आणि वळणावर दिसेनाशी झाली. म्हणजे उन्हाळा आला तर! बाकीच्यांना तो लू सुटली की कळतो, कूलरमध्ये नवी खस भरली की कळतो, हातगाडीवर दशहरी आंबे दिसायला लागले की कळतो. मला आता तो असा रिक्षाच्या पाठीवरून कळणार. मी तिथेच पिशवी धरून उभी राहिले. भाजीवाले भैया दोनदा म्हणाले, "दीदी, धूप में मत खड़ी रहो," तेव्हा कुठे हलले.

डुबुक ही पन्ह्याची बाटली आहे. मागच्या उन्हाळ्यात ती बाजारात आली आणि तिच्यावरची अक्षरं मी काढली. मी अक्षरं काढते, हा माझा धंदा. लोकांना सांगितलं तर ते थोडा वेळ माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "फ़ॉन्ट तो कंप्यूटर में होते ही हैं ना?" हो, असतात, आणि नळात पाणीही असतंच. आईसुद्धा इतकी वर्षं शेजारणींना "मनू कंप्यूटरचं काम करते" एवढंच सांगत आली आहे. बाबा मात्र पहिल्यापासून बरोबर सांगायचे. "माझी पोरगी अक्षर बनवते." जसं कोणी सांगावं, माझी पोरगी पूल बांधते.

पन्ह्याचा कारखाना लखनौच्या कडेला, चिनहटला. मालक निगमजी, गोल चेहऱ्याचे, सतत घाम पुसणारे. त्यांनी मला समोर बसवून गारेगार पन्हं पाजलं आणि म्हणाले, "मैडम, अक्षर ऐसा चाहिए कि देखते ही गला सूख जाए." मी म्हटलं, "गला तो यहाँ वैसे ही सूखा हुआ है." ते खूप हसले आणि काम मला मिळालं.

असं अक्षर दिसायला सोपं असतं. जाड असतं ते लांबून, चालत्या बसमधून दिसावं म्हणून. गोल असतं ते कोणाला त्याची भीती वाटू नये म्हणून. आणि तिरकं केलं की त्याला कुठेतरी निघायची घाई आहे असं वाटतं, उभं असूनही ते उभं राहत नाही. कुरकुऱ्यांच्या पाकिटावर, फुग्यांच्या दुकानावर, प्ले-स्कूलच्या फाटकावर, कुल्फीच्या गाडीवर हीच जात. कोर्टाच्या नोटिशीवर ते कधी दिसणार नाही. पण आपली नागरी अक्षरं शिरोरेषेला टांगलेली, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. ती तिरकी करायला जावं तर वारा सुटल्यागत सगळी एका बाजूला फडफडतात आणि उकार भलतीकडेच लोंबतो. डुबुकमध्ये तर दोन उकार. ते दोन उकार जागेवर बसवण्यात माझा चैत्र संपला.

त्यातही एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अक्षर जाड केलं की ते बाहेरून वाढतं असं आपल्याला वाटतं. बाहेर त्याला जागा कुठे असते? शेजारी दुसरं अक्षर उभं असतं. ते वाढतं आतल्या बाजूला, आणि स्वतःच्या पोटातली मोकळी जागा खात जातं. ब चं पोट बुजलं की त्याचा व होत नाही की क होत नाही, नुसता गोळा होतो. अक्षर वाचलं जातं ते त्याच्या आतल्या रिकाम्या जागेमुळे, हे मला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि मी ते पाठही केलं होतं.

बाबा माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहायचे. अमौसीला विमानतळावर हवामानाचे आकडे वाचून पुढे कळवण्याच्या कामात त्यांच्या नोकरीची वर्षं गेली. नागपूरहून ते बदलीवर इथे आले, दोन वर्षांत परत जाऊ म्हणत आले आणि इथेच निवृत्त झाले. लखनौच्या उन्हाला ते आजही ऊन म्हणत नाहीत. "हे काय ऊन आहे? ऊन आमच्या नागपूरचं," असं म्हणत भर दुपारी टोपी न घालता फाटकापर्यंत जातात आणि परत येऊन माठातलं पाणी गटागट पितात. त्या दिवसांत टेबलाजवळ उभं राहताना ते मान वाकडी करून स्क्रीनकडे बघत. कोंबडी दाण्याकडे बघते तशी, एका बाजूने. मला वाटलं, कूलरच्या वाऱ्याने मान धरली असेल.

"काय करून राहिली?"

"उकार बसवतेय, बाबा. बसत नाहीये."

"अच्छा. आणि ळ काढला का?"

"ळ कशाला? हिंदी ब्रँड आहे. लखनौत ळ कोणाला पाहिजे?"

"मला पाहिजे ना," बाबा म्हणाले. "पूर्ण घर बांधते अन् आपल्याच माणसासाठी खोली नाही ठेवत का?"

निगमजींना ज्याचा एका पैशाचा उपयोग नव्हता असा ळ मी काढायला घेतला. जाड, गोल आणि तिरका ळ! दोन पोटं, दोन्ही बुजायला टपलेली, आणि झुकवलं की एक पोट दुसऱ्यावर पडतंय. बाकीचं काम बाजूला ठेवून मी त्या एका अक्षराशी भांडत बसले. शेवटी जमला. बाबांना दाखवला तर त्यांनी मान वाकडी केली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वा. दिसून राहिला ना." तेव्हा मला नुसता आनंद झाला.

मला वाचायला बाबांनी शिकवलं ते स्कूटरवर. मी पुढे उभी, दोन्ही हात हँडलवर, आणि रस्त्यावरचे बोर्ड मोठ्याने वाचत जायचं. 'चौधरी क्लॉथ हाउस.' 'यहाँ चश्मे बनाए जाते हैं.' घरी मराठी बोलायचं आणि दारात कोणी आलं की हिंदीत उत्तर द्यायचं, अशा आमच्या घरात मुळाक्षरं या बोर्डांनी शिकवली. मी चुकीचं वाचलं तर बाबा चूक सांगत नसत, रागावतही नसत. पुढे जाऊन स्कूटर वळवत आणि पुन्हा त्याच बोर्डासमोरून नेत. मी पुन्हा चुकले तर पुन्हा वळवत. एकदा हजरतगंजात एका औषधाच्या दुकानापुढून आम्ही इतक्या चकरा मारल्या, की दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "भाई साहब, कुछ ढूँढ रहे हैं क्या?" बाबा म्हणाले, "नहीं जी, पढ़ रहे हैं." मी शेवटी बरोबर वाचलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि मग आम्ही घरी गेलो. पेट्रोल किती जळलं याबद्दल आई दोन दिवस बोलत होती.

मागच्या उन्हाळ्यात बाबांनी गॅसच्या नळीला बेल्ट समजून उचललं, तेव्हा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग धरला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. ओळीच्या कडा दिसायच्या, ओळ दिसायची नाही. डॉक्टर चांगले होते, त्यांनी फिरवून सांगितलं नाही. "अंकल, किनारे की नज़र रहेगी. बीच की जो गई, वो गई. दवा से आगे का थोड़ा रोक लेंगे." बाबा म्हणाले, "ठीक है डॉक्टर साहब, किनारे-किनारे से काम चला लेंगे." डॉक्टर हसले, आई हसली. मला रडू आलं आणि मी पावती घेण्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

घरी येऊन मी काय केलं? मला जे येतं ते. कोणी खिचडी करतं, कोणी तीर्थाला जातं, मी अक्षरं छापली. बाबांच्या फळीवर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या होत्या, तिन्ही बोटाएवढ्या, तिन्ही पांढऱ्या. त्यांच्यावर कारखान्याने छापलेलं मलाही वाचता येत नव्हतं. हाताशी नवाकोरा जाड फॉन्ट तयार होता. पिवळ्या कागदावर मी त्यात छापलं: सकाळ. दुपार. रात्र. पन्ह्यासाठी काढलेली हसरी, झुकलेली अक्षरं औषधाच्या बाटल्यांवर चिकटवली. माझ्या त्या ळ ला आयुष्यात पहिल्यांदा आणि एकदाच काम मिळालं, 'सकाळ'मध्ये. बाबांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, मान वळवली, बोट अक्षरांखालून सरकवलं. "सकाळ. एकदम स्वच्छ दिसून राहिलं, मनू."

मला मग चेवच चढला. फळीवर 'कंगवा', रेडिओवर 'रेडिओ', बाथरूमच्या दारावर 'बाथरूम'. आमचं घर निगमजींचा स्टॉल दिसायला लागलं. दर आठवड्याला मी अक्षरं आणखी जाड करायची. दुपारी बाहेर लू दारं बडवायची, आत कूलरची घरघर, आणि मी टेबलाशी बसून क फुगवत, ब फुगवत होते. जास्त जाड म्हणजे जास्त दिसणार! पहिल्या वर्षी पाठ केलेला धडा मला सुचलाच नाही, आणि सुचला असता तरी मी हात थांबवला असता असं वाटत नाही. हातावर हात ठेवून बसणं मला शक्यच नव्हतं. अक्षरांची पोटं एकेक करून बुजत गेली आणि बाबा प्रत्येक नव्या कागदाला म्हणत राहिले, "हे मागच्यापेक्षा चांगलं आहे."

बाटल्यांना बाबांनी कोथिंबिरीच्या जुडीचे रबर गुंडाळले होते. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कागद निघून नाही गेला पाहिजे म्हणून." मला ते पटलं. एकीला रबर नाही, मग तिचा कागद का निघत नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आंबे संपत आले होते त्या दिवसांत. सकाळची बाटली संपली म्हणून आईने नवी काढली आणि जुन्या बाटलीवरचा कागद सोलून नवीवर लावला, रबरही चढवला. चष्मा तिच्या डोक्यावर होता, डोळ्यांवर नव्हता. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी बाटली हातात घेतली, अंगठ्याने रबर चाचपला, आणि मी चहा घेऊन आले तशी माझ्यासाठी मोठ्याने वाचायला लागले. बोट अक्षरांखाली, मान जरा वाकडी. "स... का... ळ. वा, तुझा ळ तर काय सुंदर दिसून राहिला."

कागद उलटा होता.

मी कप खाली ठेवला. शिरोरेषा खाली होती, सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती आणि बाबांचं बोट सावकाश डावीकडून उजवीकडे चाललं होतं. अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं? माझ्या मनात आलं, की तिरकं अक्षर अख्खं उलटं केलं तरी त्याचा कल बदलत नाही, ते त्याच बाजूला झुकलेलं राहतं. हे मी आधी कधी करून पाहिलं नव्हतं. बाबांच्या डोळ्यांच्या कडेला तो कल तेवढा येत असणार, पिवळा रंग येत असणार, आणि काही येत नसणार. मी म्हटलं, "चहा घ्या."

स्वयंपाकघरात आईला विचारलं. ती भेंडी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "रबर मोजून घेतात ते."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? ते म्हणे, पोरगी एवढी मेहनत करून राहिली, तिला नाही कसं म्हणायचं? अन् तू इकडे रोज नवा कागद काढून आणे. मी मधात काय बोलू? कोणाचं काढून घेऊ?"

तिचं खरं होतं. कागद सरळ करून लावायलाही मला धीर झाला नाही, कारण मग तो उलटा होता हे मला कळलं हे त्यांना कळलं असतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आईनेच गुपचूप सरळ केला होता. बाबांनी पुन्हा बोट फिरवून वाचला. आमच्या घरात त्या दिवसापासून तिघंही सगळं दिसतंय असं म्हणतो आणि कोणी कोणाला पकडत नाही. याला प्रेम म्हणतात की भित्रेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही एकाच ताटात वाढलेलं असतं.

एकदाच बाबा त्याच्या जवळपास काहीतरी बोलले. पावसाळा सुरू झाल्यावर, दारात बसलो असताना. "तुझी अक्षरं मी गर्दीतून ओळखतो बरं. बाकीची उभी राहतात. तुझी पळतात." वाचतो असं ते म्हणाले नाहीत, ओळखतो म्हणाले. मी लगेच दुसराच विषय काढला.

डुबुक चाललं. निगमजींनी आनंदाच्या भरात तो फॉन्ट ज्याला त्याला वाटला, आणि आता तो माझ्या हातात राहिलेला नाही. दातांच्या दवाखान्यावर दिसतो, टेंट हाउसच्या ट्रकवर दिसतो. बाराबंकीच्या रस्त्यावर एका शववाहिनीवर तो पाहिला, फुगऱ्या गालांची, कुठेतरी जायच्या घाईत असलेली अक्षरं, 'अंतिम यात्रा'. मला हसूही आलं आणि कसंतरीच झालं. कोणाला फोन करून सांगणार, की भैया, हे अक्षर तहानेसाठी आहे, इथे लावू नका? आपण एवढंच करू शकतो की वळणं नीट काढावीत. पुढे ती कुठे लागतील आणि कोणाला दिसतील, ते आपल्याकडे नसतं. हे मला अक्षरांच्या बाबतीत पटलेलं आहे. बाबांच्या बाबतीत पटत नाही, आणि न पटून काही होत नाही.

यंदा थेंब बदलले, डाग वाढला. आता कानही धूसर दिसतात म्हणतात. कागद अजून फळीवर आहेत, पिवळ्याचे पांढरे झालेले. मी नवे छापत नाही आणि जुने काढत नाही.

संध्याकाळी ऊन उतरलं की मी बाबांना स्कूटीवर मागे बसवून छावणीकडे फिरवून आणते. तिथले रस्ते शांत, दोन्ही बाजूंना झाडं, हॉर्न नाही. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर असतो. वाटेत मी बोर्ड वाचत जाते, मोठ्याने, लहानपणी वाचायचे तशी. आधी लाज वाटायची, सिग्नलला लोक बघतात. आता नाही वाटत. "शर्मा स्वीट्स," मी म्हणते. "रुई के गद्दे." बाबा हं हं करत ऐकतात. एखादं दुकान बदललेलं असलं तर विचारतात, "अरे यार, इथे तर सायकलवाला होता ना?"

छावणीकडे वळायच्या आधी जो चौक लागतो, तिथे मागच्या उन्हाळ्यात डुबुकचा सगळ्यात मोठा बोर्ड लागला होता. बसएवढी अक्षरं. तो लागला त्या दिवशी बाबांनी आईला आणि मला त्याच्यासमोर उभं करून शेजाऱ्याकडून फोटो काढून घेतला होता. वर्षभर तो तिथेच होता, ऊन-पाऊस खाऊन फिका पडत.

आज त्या चौकात सिग्नल लागला. मी वर पाहिलं. बोर्ड बदललेला होता. डुबुक नव्हतं. कुठल्यातरी कोचिंगची जाहिरात, पोरापोरींच्या फोटोंच्या रांगा, आणि वर लाल, टोकदार, ताठ उभी अक्षरं. मी वाचायला तोंड उघडलं तर बाबांनी खांदा दाबला.

"थांब. हा मी वाचतो."

त्यांनी मान वाकडी केली असणार. मला मागे दिसत नव्हतं, पण खांद्यावरचा हात जरा सरकला त्यावरून कळलं.

"डुबुक," बाबा म्हणाले, सावकाश, दोन्ही उकारांना त्यांचा त्यांचा वेळ देत. "स्वच्छ दिसून राहिलं, मनू. कशी पळून राहिली पाहय."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. पुढे जागा होती, स्कूटी वळवून पुन्हा त्याच बोर्डासमोरून नेता आली असती. कितीही वेळा नेता आली असती.

"बरोबर, बाबा," मी म्हटलं, आणि स्कूटी सरळ पुढे घेतली.